अकराशे एकरांचा व्याही

“आपल्या घरात कोणी कोणाला घाबरत नाही,” कॉन्रॅड मच्याडो म्हणाला आणि त्याने पाव चहात बुडवला. “तेच आपलं चांगलं आहे बघ. मी तुला घाबरत नाही, तू मला घाबरत नाहीस. पोरगी तर कोणालाच नाही.” फ्लॉसी, त्याची बायको, मेथी निवडत होती. “पाव काढ, तुटेल,” ती म्हणाली. तेवढ्यात टेबलावरचा फोन टिंग वाजला, कॉन्रॅड दचकला, आणि पाव तुटून कपात गेला. अमेरिकेतून मर्लिनचा व्हॉइस मेसेज होता. बारा सेकंदांचा. “डॅडी, व्हर्नन अंकल गुरुवारी पोचतायत. त्यांना तुमच्याशी एक बोलायचंय. प्लीज नीट ऐकून घ्या हां. चिडू नका.” कॉन्रॅडने तो अकरा वेळा ऐकला. फोन कानाला लावून ऐकला, टेबलावर ठेवून ऐकला, मग वाडीत जाऊन केळीत उभं राहून ऐकला, जसं काही तिथे ती दुसरंच काही सांगेल. “किती वेळा ऐकशील?” फ्लॉसी खिडकीतून ओरडली. “तेवढंच सांगते ती.” पण तेवढ्यातच सगळं होतं. ‘एक बोलायचंय’ म्हणजे काय, ते कॉन्रॅडला ठाऊक होतं. तो विहिरीच्या मोटरच्या ओट्यावर बसला.

व्हर्नन म्हणजे त्याचा व्याही. आयोवा नावाच्या ठिकाणचा शेतकरी, अकराशे एकरांचा धनी, ख्रिस्तीच, पण पंथाने मेथडिस्ट. लग्न ठरलं तेव्हा फ्लॉसीने पॅरिशच्या फादरना विचारलं होतं, “मेथडिस्ट म्हणजे आपल्यातलेच का?” फादर जरा विचार करून म्हणाले होते, “जवळपास.” त्या ‘जवळपास’वर लग्न झालं, आणि तेव्हापासून दोन वर्षं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर कॉन्रॅड त्या माणसाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत होता. मागचं कोंबड्याचं घड्याळ त्याला पाठ होतं. खिडकीतून दिसणारं लाल कोठार पाठ होतं. भिंतीवरचा फोटो पाठ होता, विमानातून काढलेला, ज्यात घर खडूच्या तुकड्याएवढं आणि बाकी सगळा मका. व्हर्ननचे आजोबा बैलगाडी आणि बायबल घेऊन तिथे आले. वडिलांचा हात मशीनमध्ये गेला, तरी त्यांनी त्या वर्षीचं पीक काढलं. बायको लॉरेन सहा वर्षांपूर्वी वारली. घरात दारूचा थेंब नाही, चर्चच्या कम्युनियनलासुद्धा वाइन नाही, द्राक्षाचा रस. एकच मुलगा, ग्रँट, कॉम्प्युटरवाला, तो आपला जावई; तो आणि मर्लिन सध्या तिथेच राहत होते. कॉन्रॅड नंदाखाल गावातल्या आपल्या अठ्ठावीस गुंठ्यांत केळीला पाणी सोडायचा आणि मनाने त्या मक्यात उभा असायचा. एवढं मोठं शेत. एका कडेवरून मारलेली हाक दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत म्हातारी होत असेल. तिथे मर्लिन हरवली तर कोण शोधणार? चार वर्षांची असताना ती इथे, या अठ्ठावीस गुंठ्यांत, पानवेलीच्या मांडवाखाली झोपून गेली होती तर सापडायला तासभर लागला होता. सापडल्यावर कॉन्रॅडने एवढा आरडाओरडा केला की पोर पुन्हा पळाली आणि पुन्हा शोधावी लागली.

“दोन वर्षं, डॅडी,” जाताना मर्लिन म्हणाली होती. “मग आम्ही येतो. ग्रँटला वाडी आवडेल.” दोन वर्षं मार्चमध्ये संपत होती. आणि आता, जानेवारीत, हा माणूस विमानात बसून येतो आणि त्याला एक बोलायचंय. काय बोलणार? अकराशे एकर आहेत, मी म्हातारा झालो, मुलं तिकडे माझ्याजवळच राहू द्या. कॉन्रॅडला जास्त भीती याची वाटत होती की त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो. वर परत आपण त्याला फसवलेलं. पहिल्याच कॉलवर व्हर्ननने विचारलं होतं, तुमची जागा केवढी? आणि कॉन्रॅड म्हणाला होता, “एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही.” ते खोटं नव्हतं. मध्ये केळी दाट होती.

तो शेजारी गेला. शेजारची वाडी ॲलिस्टरची, चुलतभावाची. ॲलिस्टर इंग्रजी शाळेचा हेडमास्तर म्हणून रिटायर झालेला, पायजम्यालाही इस्त्री करणारा माणूस. दोघांच्या वाड्यांमध्ये वई होती, बांबू आणि अडुळशाचं कुंपण.

“तीन दिवस वई काढायची?” ॲलिस्टरने चष्मा पुसला.

“तीनच दिवस. पाहुणा गेला की मी स्वतः बांधून देतो.”

“आणि माझी वाडी तुझी म्हणायची.”

“म्हणायचं काहीच नाही. फक्त गप्प राहायचं.”

“मग मी कोण?”

हे कॉन्रॅडच्या डोक्यात आलंच नव्हतं. “तू म्हणजे... वाडीचं काम बघणारा. मॅनेजर म्हण.”

“गडीच बरा. मॅनेजरला टाय लागतो,” ॲलिस्टर म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले. “अडतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, खोटं बोलू नका. म्हटलं आता बघू तरी करून.” आतून त्याची बायको आल्बिना ओरडली, “माझी बकरी कुठे बांधायची मग? तीही तुझ्या भावाचीच का?” तिच्याकडे दोघांनी लक्ष दिलं नाही. इथेच चुकलं.

व्हर्नन आला तो कॉन्रॅडच्या भीतीपेक्षा लहान होता. उंच, पण कमरेत वाकलेला, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, आणि हात मात्र खोऱ्यासारखे. त्याने कॉन्रॅडचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कॉन्रॅडला वाटलं, आता बोलणार, दारातच बोलणार. पण तो फक्त दमला होता. जेवायला फ्लॉसीने पापलेटचं कालवण केलं होतं. आता बोलेल या धास्तीने कॉन्रॅडने घाईघाईने मोठा घास तोंडात टाकला, आणि नेमकं तेव्हाच व्हर्ननने दोन्ही बाजूंना हात पसरले. त्यांच्यात जेवणाआधी सगळ्यांनी हात धरून प्रार्थना करायची असते. कॉन्रॅडचा एक हात व्हर्ननच्या पंज्यात, दुसरा फ्लॉसीच्या, तोंडात मासा, आणि माशात काटा. व्हर्ननने देवाचे आभार मानायला सुरुवात केली. विमानाबद्दल मानले, पायलटबद्दल मानले, मर्लिनबद्दल मानले. मग म्हणाला, आणि देवा, आमच्या बंधू कॉन्रॅडच्या या मोठ्या शेतावर तुझी कृपा राहो. कॉन्रॅडने घास गिळला. काटा घशात उभा राहिला. देवाच्या कानावर आता अधिकृतपणे गेलं होतं. मर्लिन पाच वर्षांची असताना तिच्या घशात असाच काटा अडकला होता, आणि कॉन्रॅड तिच्यावर ओरडला होता, “नीट चावून खाता येत नाही?” ती रडायची थांबून नुसती बघत राहिली होती. ते डोळे त्याला आत्ता का आठवले, कोण जाणे. फ्लॉसीने त्याच्या पाठीत बुक्की घातली. “आमेन,” व्हर्नन म्हणाला.

शुक्रवारी सकाळी वाडी दाखवायची होती. कॉन्रॅडने वाट आखून ठेवली होती, नागमोडी, केळीतून, नारळाखालून, ॲलिस्टरच्या मोगऱ्यावरून आणि परत, अशी की चार मिनिटांची चाल पाऊण तास चालावी. वाडीत एक बावखल होतं, म्हणजे जुनं तळं, पावसाचं पाणी धरणारं. त्या वाटेवर ते तीनदा लागलं, दर वेळी वेगळ्या बाजूने. “तळी किती आहेत तुमच्याकडे?” व्हर्ननने विचारलं. “तीन,” कॉन्रॅड म्हणाला, आणि त्याच्या कानामागून घाम ओघळला. चालताना तो एकसारखा बोलत होता. राजेळी केळं कसं पिकवतात, सोलून उन्हात वाळवलं की त्याची सुकेळी कशी होतात, रोज संध्याकाळी दव पडायच्या आत ती कशी उचलावी लागतात. कारण तो थांबला की व्हर्नन बोलेल. मध्येच व्हर्ननने तोंड उघडलं की कॉन्रॅड दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवायचा. अशी त्याने एकाच फणसाची दोनदा ओळख करून दिली. मागे कुठेतरी कचकच आवाज येत होता. आल्बिनाची बकरी वई नसलेल्या जागेतून आत येऊन त्याचा पालक खात होती, रांगेने, शिस्तीत. तिला हाकलता येईना, कारण आज ती त्याचीच होती. “छान बकरी आहे तुमची,” व्हर्नन म्हणाला. “हो,” कॉन्रॅड म्हणाला, आणि पालकाचा शेवटचा वाफा जाताना बघत राहिला.

मोगऱ्यापाशी ॲलिस्टर उभा होता. डोक्याला टॉवेल, हातात कोयता, पाय अनवाणी. चाळीस वर्षांत तो पहिल्यांदा मातीत अनवाणी उतरला होता आणि दोन मिनिटांत त्याच्या टाचेत काटा गेला होता. ठरल्याप्रमाणे त्याने मान खाली घालून सलाम केला. तिथेच थांबायचं होतं. पण व्हर्ननने त्याला नाव विचारलं, आणि ॲलिस्टरमधला हेडमास्तर जागा झाला. मग एका पायावर उभं राहून, कोयता छडीसारखा हलवत, त्याने आयोवाच्या शेतकऱ्याला मेथडिस्ट पंथ इंग्लंडात कसा सुरू झाला ते सनावळीसकट सांगितलं, असल्या इंग्रजीत की व्हर्ननने टोपी काढली. कॉन्रॅडला घेरी आल्यासारखं झालं. ॲलिस्टरचा आवाज त्याला लहानपणापासून धाकाचा; दोघं एका वर्गात होते आणि ॲलिस्टरला सगळं यायचं. कॉन्रॅडला फक्त मोठ्याने बोलता यायचं. उत्तर येत नसलं की तो मोठ्याने द्यायचा. पुढे फोनच्या ऑफिसात नोकरीला लागल्यावर साहेबाने बोलावलं की त्याच्या पोटात कळ यायची, आणि बाहेर येऊन तो शिपायावर ओरडायचा. शिपाई म्हणायचे, मच्याडोसाहेब कडक आहेत. घरी येऊन तो फ्लॉसीला हे अभिमानाने सांगायचा. “तुमचा माणूस फार वाचलेला आहे,” व्हर्नन हळूच म्हणाला. “आम्ही सगळ्यांना शिकवतो,” कॉन्रॅड म्हणाला. ॲलिस्टर लंगडत निघून गेला, खूश होऊन.

मग व्हर्नन थांबला आणि त्याने वर बघितलं. वाडीच्या मागच्या अंगाला नवं कॉम्प्लेक्स झालं होतं, बारा माळ्यांचं. कॉन्रॅडला त्या खिडक्या कधी सहन झाल्या नव्हत्या. लुंगी सावरतानाही वाटायचं कोणीतरी बघतंय. “तिथून फोटो निघेल,” व्हर्नन म्हणाला. “माझ्या घरात माझ्या शेताचा वरून काढलेला फोटो आहे ना, त्याच्या शेजारी मर्लिनला तुमचा लावायचाय.” कॉन्रॅड म्हणाला, लिफ्ट बंद असते. लिफ्ट चालू होती. म्हणाला, वॉचमन सोडत नाही. वॉचमनने व्हर्ननला सलाम ठोकला, वहीत ‘फॉरेनर – १’ लिहिलं आणि गच्चीची चावी दिली. लिफ्ट वर जाताना कॉन्रॅड आकडे बघत होता, सात, आठ, नऊ, आणि प्रत्येक आकड्याला पायाखालून काहीतरी सुटत होतं. उंचीची त्याला भीती होती. नारळाच्या वाडीत जन्म काढून तो एकदाही झाडावर चढलेला नव्हता, आणि हे फ्लॉसीलाही माहीत नव्हतं.

गच्चीवर वारा होता. खाली सगळं उघडं पडलं होतं. एक लहान हिरवा चौकोन, त्याला चिकटून दुसरा, मध्ये उपटलेल्या बांबूंच्या खड्ड्यांची सरळ ओळ. मोगऱ्यात एक माणूस टाच धरून बसलेला आणि एक बाई त्याच्या टाचेत सुई घालत होती. एक बकरी. एक बावखल. व्हर्ननने बराच वेळ बघितलं. कॅमेरा वर केला, खाली केला. कॉन्रॅड पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा होता आणि कठडा आपल्याकडे सरकतोय असं त्याला वाटत होतं. आता हसेल. आता म्हणेल, एवढ्याशासाठी मुलांना बोलावताय?

“कॉन्रॅड,” व्हर्नन म्हणाला, “मला एक बोलायचंय.”

आणि तो बोलला. सावकाश, तोडून तोडून, कॉन्रॅडला कळावं म्हणून. मुलांनी डेन्व्हर शहरात घर घेतलंय. ग्रँटला तिथे नोकरी मिळाली, मर्लिनलाही. ते आयोवात राहणार नाहीत. इथेही येणार नाहीत. “माझी जमीन मी शेजाऱ्याला कसायला दिली, यंदाचा मका निघाल्यावर. आता खिडकीतून तो दिसतो ट्रॅक्टरवर. हात करतो मला.” चर्चमध्ये रविवारी सात माणसं उरलीत, म्हणाला, आणि गाणी म्हणायला लागलं की एकमेकांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. कॉन्रॅडला एवढंच समजलं की अकराशे एकरांचं जे भूत दोन वर्षं त्याच्या छातीवर बसलं होतं ते मेलेलं होतं, आणि मेलं तरी मर्लिन येत नव्हती. त्याने विचारलं, “हे तिने मला का नाही सांगितलं?”

व्हर्ननने टोपी काढून परत घातली. “ती म्हणाली, तुम्ही सांगा. तुमच्यावर डॅडी ओरडणार नाहीत, तुम्ही पाहुणे आहात.”

“मला घाबरते?”

“मला म्हणाली, जरा लांब उभं राहून सांगा.”

तेव्हा कॉन्रॅडच्या लक्षात आलं की व्हर्नन चांगला दहा पावलं दूर, जिन्याच्या दाराला एक हात लावून उभा आहे. एवढा मोठा माणूस. कॉन्रॅडला हसू येईल असं वाटलं, पण आलं ते दुसरंच. मर्लिन शिडीवरून पडली होती नऊ वर्षांची असताना, आणि तो धावत जाऊन आधी ओरडला होता, मग उचललं होतं. दहावीच्या निकालाच्या दिवशी ओरडला होता, निकाल लागायच्या आधीच. एअरपोर्टवर तिच्या बॅगेचं चाक अडकलं म्हणून तो ट्रॉलीवाल्यावर, मग पोलिसावर, मग तिच्यावर ओरडला होता, आणि ती रडत आत गेली होती. दोन वर्षं त्याने सगळ्यांना सांगितलं, घर सोडताना पोरगी फार रडली. दर वेळी त्याच्या पोटात तीच कळ होती आणि तोंडातून आवाज निघाला होता. कळ कोणाला दिसत नाही. आवाज ऐकू जातो. खाली आल्बिना कोणालातरी हाका मारत होती. “तळं एकच आहे,” कॉन्रॅड म्हणाला. “हो,” व्हर्नन म्हणाला, “पण छान आहे.” आणि दोघं लिफ्टने उतरले, एकमेकांकडे न बघता.

शनिवारी सकाळी आठला कॉन्रॅडने मर्लिनला फोन लावला. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होत होती. त्याआधी तासभर तो फ्लॉसीसमोर बसून सराव करत होता. “हळू,” फ्लॉसी म्हणायची. “अजून हळू. हां, आता माणसासारखा बोललास.” त्याने मनाशी शपथ घेतली होती, काही झालं तरी आज आवाज चढवायचा नाही. स्क्रीनवर मर्लिनचा चेहरा आला, भुवया आधीच आवळलेल्या.

“मर्लिन बाय,” कॉन्रॅड म्हणाला. “व्हर्ननने सांगितलं मला. काही हरकत नाही. डेन्व्हर चांगलं असेल.”

तिने फोनचा आवाज वाढवला.

“थंडी असेल ना तिथे? स्वेटर घाल.”

“डॅडी?” ती एकदम पुढे सरकली. “तुम्ही असे का बोलताय?”

“कसं?”

“असं... हळू. मम्मी कुठेय? डॅडी, माझ्याकडे बघा. हसा जरा.” कॉन्रॅड हसला. भीतीने ते एका बाजूलाच झालं. “ओ गॉड, हा स्ट्रोक आहे. डॅडी, दोन्ही हात वर करा. पटकन!”

कॉन्रॅडने आज्ञा पाळली. दोन्ही हात वर केले आणि फोन पडला. तो टेबलाखाली गेला, तिथून त्याच्या हाताने भिंतीकडे ढकलला गेला, आणि डेन्व्हरकडे निघालेल्या त्याच्या मुलीला बराच वेळ फक्त टेबलाची खालची बाजू दिसत राहिली. तिने ॲलिस्टरला फोन लावला. ॲलिस्टरने शाळेत वर्षानुवर्षं प्रथमोपचारावर भाषण दिलं होतं. त्याने लगेच अँब्युलन्स बोलावली आणि लंगडत, गड्याचा टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून, हजर झाला. “उठू नकोस! जीभ दाखव!” व्हर्नन अंघोळ अर्धी टाकून साबणासकट आला आणि त्याने कॉन्रॅडचा हात धरला. फ्लॉसी म्हणत होती, अहो मीच सांगितलं होतं त्याला हळू बोलायला. पण ॲलिस्टरच्या मागोमाग आलेली आल्बिना म्हणाली, “बिचारी फ्लॉसी, धक्का बसलाय तिला.” कॉन्रॅड सगळ्यांना सांगत होता, मला काही झालेलं नाही. त्याला भयंकर भीती वाटत होती, हॉस्पिटलची, स्ट्रेचरची, अँब्युलन्सच्या माणसांच्या निळ्या हातमोज्यांची, आणि घशात तो जुना आवाज वर येत होता. तो एकदा निघाला असता तर सगळे समजले असते. पण ॲलिस्टरच्या हातातल्या फोनवर मर्लिन होती, डोळे तसेच पाच वर्षांचे, आणि त्याने शपथ घेतली होती. म्हणून तो हळूच म्हणाला, “मी ठीक आहे, बाय.” “बघा,” ॲलिस्टर म्हणाला, “वाचाच जातेय.” त्यांनी त्याला उचललं.

अँब्युलन्समध्ये व्हर्नन शेजारी बसला आणि प्रार्थना करू लागला. दार लावताना कॉन्रॅडचं डावं मधलं बोट फटीत सापडलं आणि तो ओरडला. दाराशी ॲलिस्टरच्या हातातला फोन चालूच होता. “हां, हे डॅडी,” मर्लिन म्हणाली. बोटाला तीन टाके पडले.